सगळं एकदम कशाला?

आधी एक कबुली. मी कॉन्व्हेंटची. पहिलीपासून दहावीपर्यंत वर्गात मराठी बोललं की फाईन. त्यामुळे ‘एकोणसाठ’ कोणी म्हटलं की मी अजूनही मनातल्या मनात फिफ्टी नाईन की सिक्स्टी नाईन ते तपासून घेते. मासिकाच्या मराठी विभागात लिही असं सांगितलं तेव्हा मी हसले होते. पण जे सांगायचं आहे ते ज्या मुलीमुळे सुचलं तिची भाषा मराठी, आणि तीही कॉन्व्हेंटमधली नाही तर यवतमाळकडची. म्हणून इंग्रजी विभागात लिहिणं बरोबर वाटलं नाही. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादकांनी सुधारावं, बाकी चुका माझ्या.

विषय आहे जनरेटर आणि इटरेटर. थांबा, मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनो, पान उलटू नका! हा डिझेलवर चालणारा, लाईट गेली की होस्टेलच्या मागे धडधडणारा जनरेटर नव्हे. हा प्रोग्रॅमिंगमधला. आणि तसा हा लेख प्रोग्रॅमिंगपेक्षा आपल्या एका सवयीबद्दल आहे. लागो न लागो, सगळं आधी गोळा करून ठेवायचं, ही ती सवय.

घडलं ते असं. पाचव्या सेमिस्टरला आमचा चौघींचा मिनी प्रोजेक्ट होता. वेगवेगळ्या हवामान केंद्रांच्या तासातासाच्या तापमानाच्या नोंदी असलेली एक फाईल मिळाली होती, साधारण तीन जीबीची. प्रत्येक केंद्राचं सर्वांत जास्त तापमान कधी आणि किती, एवढंच काढायचं होतं. नागपूरच्या पोरींना मे महिन्याचं तापमान काढायला कॉम्प्युटर कशाला लागतो हा विनोद आम्ही पहिल्याच दिवशी करून घेतला.

माझी रूममेट आमच्या ग्रुपमध्ये. (नाव लिहिलंस तर तुझं मेसचं ताट लपवून ठेवीन अशी धमकी आहे, म्हणून नाव नाही.) तिच्याकडे मावसभावाचा जुना लॅपटॉप, चार जीबी रॅमचा. तिने प्रोग्रॅम लिहिला, चालवला, आणि स्क्रीन गोठला. माऊस हलेना. पाच मिनिटांनी पंखा विमानासारखा ओरडू लागला, दहा मिनिटांनी तिने बटण दाबून मशीन बंद केलं. हे तीन दिवस चाललं. शेवटी विचारायला गेली तर उत्तर मिळालं, “रॅम वाढव.” ती खोलीवर आली, वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला, रॅमचे पैसे एका बाजूला आणि मेसचं बिल दुसऱ्या बाजूला. मग वही मिटून म्हणाली, “मी रिपोर्ट टाईप करते, पीपीटी बी बनवते. कोड तुमी पाहा. मले काही हे जमत नाही.”

आणि मी काय म्हणाले? “ओके.” माझा प्रोग्रॅम चालत होता ना!

पुढे दोन दिवसांनी लॅबमध्ये मी तोच प्रोग्रॅम ऐटीत चालवून दाखवत होते. लॅबमधले भाऊ (असिस्टंट, पण आपल्याकडे सगळेच भाऊ) मागे उभे होते. त्यांनी माझ्या सोळा जीबीच्या लॅपटॉपवर टास्क मॅनेजर उघडायला लावला. मेमरीचा आलेख पायऱ्या चढावा तसा वर चालला होता. सहा जीबी, सात जीबी… भाऊंनी विचारलं, “मॅडम, तुमाले एका वेळी किती ओळी पाहिजे?”

“एक.”

“मंग सगळ्या कायले आनल्या?”

मला उत्तर देता आलं नाही. कारण माझा आणि रूममेटचा प्रोग्रॅम अगदी सारखाच होता! दोघींनीही फाईल उघडून तिच्यातल्या सगळ्या, म्हणजे काही कोटी, ओळी आधी एका यादीत भरल्या होत्या आणि मग त्या यादीवरून एकेक ओळ वाचत गेलो होतो. चूक एकच. माझ्या मशीनने ती पोटात घातली, तिच्या मशीनने ती दाखवून दिली. माझा कोड चांगला नव्हता, माझं मशीन महाग होतं. एवढाच फरक होता, आणि एवढ्या फरकावर एका मुलीने ‘मला कोडिंग जमत नाही’ असं ठरवून टाकलं होतं.

दुरुस्ती किती मोठी असेल? एक ओळ खोडली. फाईलच्या ओळींची यादी बनवायच्या ऐवजी फॉर लूप थेट फाईलवरच फिरवला. पायथनमध्ये फाईल स्वतःच इटरेटर असते. मागाल तेव्हा पुढची ओळ देते, आधीची धरून बसत नाही. तोच तीन जीबीचा डेटा, तोच चार जीबीचा लॅपटॉप. आम्ही खाली चौकात चहा पिऊन आलो तोवर सगळ्या केंद्रांची उत्तरं आली होती. मेमरीचा आलेख आडवा, सपाट, बेसा-पिपळा रोडच्या नशिबी कधी येत नाही इतका सपाट!

आता हे इटरेटर प्रकरण नेमकं काय ते सांगते.

होस्टेलच्या कपाटातलं एक पुस्तक घ्या. ते मी वाचते, रूममेटही वाचते. माझी खूण पान चाळीसवर, तिची पान नव्वदवर. पुस्तक एकच, खुणा दोन. पुस्तक म्हणजे इटरेबल, ज्याच्यावरून क्रमाने जाता येतं अशी वस्तू. खूण म्हणजे इटरेटर, ‘आपण कुठवर आलो’ एवढंच लक्षात ठेवणारी. इटरेटरला एकच प्रश्न विचारायचा असतो, नेक्स्ट. पुढचं दे. पुढचं असेल तर तो देतो, संपलं असेल तर पायथनमध्ये ‘स्टॉप-इटरेशन’ असं ओरडतो. आपण रोज जो फॉर लूप लिहितो तो आतून हेच करतो. आधी खूण मागतो, मग नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट… आणि ओरडा ऐकू आला की शहाण्यासारखा थांबतो. पहिल्या वर्षापासून आपण फॉर लूप लिहितोय, पण त्याच्या पोटात काय चालतं हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. जावावाल्यांना हॅज-नेक्स्ट आणि नेक्स्ट पाठ असतं, तो हाच प्राणी. १९९४ साली आलेल्या डिझाईन पॅटर्नच्या त्या प्रसिद्ध चार लेखकांच्या पुस्तकातही इटरेटर आहे.

आणि जनरेटर? इटरेटर हाताने लिहायचा तर कटकट असते, कुठवर आलो ते प्रत्येक वेळी आपणच सांभाळायचं. जनरेटर म्हणजे इटरेटर बनवायचा आरामाचा मार्ग. नेहमीचं फंक्शन रिटर्न म्हटलं की संपतं, त्याच्या आतले सगळे व्हेरिएबल पुसले जातात. जनरेटर फंक्शन मात्र यील्ड म्हणतं. यील्डवर ते एक किंमत बाहेर देतं आणि तिथेच थांबतं. मरत नाही, नुसतं थांबतं. आतले व्हेरिएबल जसेच्या तसे. पुन्हा नेक्स्ट म्हटलं की त्याच ओळीच्या पुढून चालू.

हे मी रूममेटला समजावत होते. माझं इंग्रजी मराठी सगळं वापरून झालं. यील्ड म्हणजे गिव्ह वे, रस्त्यावर पाटी असते ना तसं, असं काहीतरी सांगत होते. तिने मला मध्येच थांबवलं.

“यील्ड म्हंजे उतारा ना वं? एकरी किती कापूस झाला तो?”

“हो, तो पण अर्थ आहे.”

“मंग हे तं वेचणी हाय!”

आणि पुढची दहा मिनिटं ती बोलत होती, मी ऐकत होते. कापसाचं झाड सगळा कापूस एकदम देत नाही. काही बोंडं आधी फुटतात, काही नंतर. पहिली वेचणी झाली की झाड उपटत नाहीत, ते तिथेच उभं असतं, आत बोंडं भरत असतात. काही दिवसांनी पुन्हा जायचं, तेव्हा फुटलेला कापूस वेचायचा. अशा तीन-चार वेचण्या. प्रत्येक वेचणी म्हणजे एक नेक्स्ट. झाडाला आपली अवस्था माहीत असते, वेचणाऱ्या बाईने ती लक्षात ठेवायची गरज नसते. शेवटी बोंडं संपतात, ते स्टॉप-इटरेशन. त्याच्यानंतरही पाणी देऊन पीक ओढत ठेवलं तर ती फरदड, आणि गुलाबी बोंडअळीमुळे फरदड घेऊ नका असं कृषी खातं सांगत असतं. “संपलेल्या जनरेटरले नेक्स्ट मंगू नाही,” तिने निष्कर्ष काढला. वर म्हणाली, पहिल्या वेचणीच्या आधी आमच्याकडे शेतात सीतादही करतात, तेवढं तुमच्या पायथनमध्ये राहिलं.

मला सांगा, जनरेटरची याहून चांगली व्याख्या कुठल्या गाईडमध्ये आहे? आणि ही मुलगी दोन दिवसांपूर्वी म्हणत होती की मला कोडिंग जमत नाही!

ही कल्पना काही कालची नाही. १९७० च्या दशकात एमआयटीमध्ये बार्बरा लिस्कॉव्ह यांच्या गटाने क्लू नावाची भाषा बनवली, तिच्यात इटरेटर होते आणि यील्डही होतं. लिस्कॉव्ह बाईंना पुढे २००८ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. त्याच दशकात ॲरिझोना विद्यापीठात राल्फ ग्रिसवोल्ड यांच्या आयकॉन भाषेतही जनरेटर आले. पायथनमध्ये जनरेटर आले ते २००१ साली, २.२ आवृत्तीत. सी-शार्पमध्ये २००५ साली, जावास्क्रिप्टमध्ये २०१५ साली, आणि आपल्या सी-प्लस-प्लसमध्ये तर तयार जनरेटर २०२३ च्या मानकात आला. म्हणजे पन्नास वर्षांत एकेक भाषा याच वळणावर येऊन थांबली. काहीतरी असेल ना त्यात?

पण मला सर्वांत आवडलेलं उदाहरण परदेशातलं नाही, नाशिकजवळच्या देवळालीचं आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणू. शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. ६१७४ हा कापरेकर स्थिरांक आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ॲप्टिट्यूडच्या तयारीत पाहिला असेल. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, पुन्हा करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच, आणि एकदा आली की तिथेच.

पण कापरेकरांचा दुसरा खेळ आमच्या विषयाच्या अधिक जवळचा आहे. कुठलीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. ४७ मध्ये चार आणि सात मिळवले की ५८. ५८ मध्ये तेरा मिळवले की ७१. मग ७९, ९५, १०९, ११९… ही माळ कधीच संपत नाही. आणि गंमत ऐका! ज्या संख्येपासून पुढची निघते तिला या गणितात शब्दच ‘जनरेटर’ असा आहे. ५८ चा जनरेटर ४७. १०१ ला दोन जनरेटर आहेत, ९१ आणि १००. आणि काही संख्यांना जनरेटरच नाही. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३… कोणापासूनच निघत नाहीत. त्यांना कापरेकरांनी नाव दिलं स्वयंभू संख्या. इंग्रजीत सेल्फ नंबर, आणि त्यांच्या गावावरून देवळाली नंबरसुद्धा. मला ‘स्वयंभू’ हा शब्द देवळातल्या पाटीवर माहीत होता, गणितात तो इतका छान बसेल असं वाटलं नव्हतं.

गणितातला जनरेटर आणि प्रोग्रॅमिंगमधला जनरेटर एक नव्हेत, नाव जुळलं एवढंच. पण कापरेकरांची माळ प्रोग्रॅममध्ये लिहायची तर यादी वापरताच येत नाही. न संपणारी माळ कुठल्या यादीत भरणार? सोळा जीबी काय, सोळाशे जीबी पुरणार नाही. जनरेटरला मात्र चार ओळी पुरतात. हा मराठी विभाग आहे म्हणून देवनागरीत लिहिते:

डेफ कापरेकर(न):
— व्हाईल ट्रू:
—— यील्ड न
—— न = न + अंकबेरीज(न)

(अंकांची बेरीज करणारं छोटं फंक्शन तुम्ही लिहा, अभ्यास म्हणून. डेफ, व्हाईल, ट्रू, यील्ड हे शब्द मशीनसमोर रोमन लिपीतच टाईप करावे लागतात. पण ‘कापरेकर’, ‘न’, ‘अंकबेरीज’ ही नावं पायथन ३ मध्ये खरोखर देवनागरीत चालतात. मी करून पाहिलंय.)

व्हाईल ट्रू बघून पहिल्या वर्षाच्या सवयीने छातीत धस्स होतं, इन्फिनिट लूप! पण इथे काही हँग होत नाही. एक संख्या दिली की फंक्शन यील्डवर उभं राहतं. पहिल्या दहा हव्यात तर दहा वेळा मागा. अनंत माळ आणि मेमरीत कुठल्याही क्षणी एकच संख्या.

कापरेकरांचं आणखी एक निरीक्षण मला फार आवडलं. या माळेतल्या सगळ्या संख्यांच्या सगळ्या अंकांची बेरीज हवी असेल तर माळ साठवायची गरज नाही. शेवटच्या संख्येतून पहिली वजा करा आणि शेवटच्या संख्येच्या अंकांची बेरीज मिळवा. १, २, ४, ८, १६, २३ घ्या. २३ वजा १ म्हणजे २२, त्यात २ आणि ३ मिळवले की २७. आता हाताने तपासा. १, २, ४, ८, मग १६ चे ७ आणि २३ चे ५, बेरीज २७! का येतं ते विचार केला तर कळतं. प्रत्येक पायरीवर जेवढी वाढ होते तेवढीच त्या संख्येच्या अंकांची बेरीज असते. मधलं सगळं जपून ठेवायला लागतच नाही. या मास्तरांकडे कॉम्प्युटर नव्हता आणि पदव्युत्तर पदवीही नव्हती. आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांनी त्यांना फार मनावर घेतलं नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमध्ये त्यांच्यावर लिहिलं तेव्हा जगभर नाव झालं. डिग्री बघून माणूस मोजणं आणि रॅम बघून कोडर मोजणं, मला तरी दोन्ही एकाच जातीच्या चुका वाटतात.

तर सांगायचा मुद्दा असा. मला वाटतं की आपल्याला प्रोग्रॅमिंग शिकताना ‘आधी सगळं ॲरेमध्ये भरा’ ही सवय लागते आणि ती कधी सुटत नाही. पहिल्या वर्षी ठीक आहे, दहा मुलांचे मार्क्स असतात. पण पुढे डेटा कोटींत जातो आणि सवय तीच राहते. हिशेबच करा ना. पायथनमध्ये एक कोटी पूर्णांकांची यादी केली तर नुसत्या पत्त्यांना प्रत्येकी आठ बाईट म्हणजे ऐंशी एमबी, आणि प्रत्येक आकड्याच्या ऑब्जेक्टला साधारण अठ्ठावीस बाईट म्हणजे आणखी दोनशे ऐंशी. साडेतीनशे एमबीच्या वर! तेच आकडे जनरेटरने एकेक करून घेतले तर काहीशे बाईटमध्ये काम भागतं. पायथनवाल्यांनाही हे कळलं होतं. पायथन २ मध्ये रेंज म्हटलं की खरीखुरी यादी तयार व्हायची. २००८ साली आलेल्या पायथन ३ मध्ये रेंज फक्त सुरुवात, शेवट आणि पायरी लक्षात ठेवतो.

काही मित्र म्हणतील, रॅम वाढवता येते की, एवढं काय त्यात? ज्याला येते त्याला येते. माझ्या खोलीत दोन पलंग आहेत आणि एकाच पलंगावरच्या मुलीला येते. दुसरं म्हणजे रॅम वाढते तसा डेटाही वाढतो. तीन जीबीची फाईल उद्या तीस जीबी झाली की माझा सोळा जीबीवाला तोराही उतरला.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल हिला नवीन खेळणं मिळालं. जनरेटर सगळीकडे चालत नाही. डेटा सॉर्ट करायचा, मधली किंमत काढायची, तर सगळा डेटा हाताशी लागतो. पाचशेव्या घरात उडी मारायची असेल तर यादीच हवी. डेटा छोटा असेल तर यादी सोपी आणि बऱ्याचदा वेगवानही. आणि सर्वांत मोठा खड्डा म्हणजे जनरेटर एकदाच वापरता येतो. मी स्वतः पडले त्यात. सरासरी काढायला एका जनरेटरची आधी बेरीज केली, मग त्याच जनरेटरमध्ये किती नोंदी आहेत ते मोजायला गेले. उत्तर शून्य! शून्याने भागाकार, लाल अक्षरात एरर, रात्रीचा दीड. रूममेट पांघरुणातून म्हणाली, “एकदा वेचलेलं पुन्हा काय वेचशील वं? वेचता वेचताच मोजाचं ना.” बेरीज आणि मोजणी एकाच फेरीत केली, झालं.

आपण बेसावाले तर हे चांगलंच समजू शकतो. महापालिकेच्या हद्दीबाहेर राहतो, मे महिन्यात होस्टेलच्या गेटवर टँकर आला की बादल्या घेऊन पळतो. ज्या दिवशी पुन्हा पाणी कधी येईल माहीत नसतं त्या दिवशी टाकी भरून ठेवण्यातच शहाणपण आहे. पण नळाला पाणी असताना घरातली सगळी भांडी, पातेली, वाट्या भरून ठेवून चालायलाही जागा ठेवायची नाही, याला काय म्हणाल? यादी म्हणजे टाकी, जनरेटर म्हणजे नळ. दोन्ही लागतात. कधी काय लागतं ते ओळखणं म्हणजे इंजिनिअरिंग, असं मला वाटतं.

म्हणून सरांना, मॅडमना आणि आपल्या सगळ्यांना माझ्या तीन विनंत्या आहेत. लहान तोंडी मोठा घास वाटला तर माफ करा.

पहिली, जर्नलमध्ये आउटपुटच्या खाली एक ओळ वाढवू या, प्रोग्रॅमला मेमरी किती लागली. पायथनमध्ये त्यासाठी ट्रेसमॅलॉक नावाचं मॉड्यूल २०१४ पासून सोबतच येतं, वेगळं काही इन्स्टॉल करायला नको. जे मोजतच नाही ते सुधारणार कसं?

दुसरी, व्हायवामध्ये ‘जनरेटरची व्याख्या सांगा’ असं विचारू नका. आम्ही ती आदल्या रात्री पाठ करतो आणि बाहेर पडताच विसरतो. ‘हा प्रोग्रॅम या क्षणी कुठल्या ओळीवर थांबलाय? पुन्हा नेक्स्ट म्हटलं तर काय येईल? चौथ्यांदा म्हटलं तर?’ असं विचारा. पाठांतर पाच सेकंदांत उघडं पडेल. माझंही पडलं असतं.

तिसरी विनंती सर्वांत महत्त्वाची. प्रोजेक्टचा डेमो लॅबमधल्या सगळ्यात जुन्या मशीनवर व्हावा. कोपऱ्यातलं ते मशीन, ज्याच्यावर कोणी बसत नाही, त्याच्यावर. ज्यांच्याकडे महागडे लॅपटॉप आहेत त्यांचा कोड खरंच चांगला आहे का ते तिथे कळेल. आणि ज्यांच्याकडे नाहीत त्यांना पहिल्यांदाच बरोबरीने उभं राहता येईल.

आमचा डेमो कसा झाला ते सांगून थांबते. तो रूममेटच्या चार जीबीच्या लॅपटॉपवर झाला, तिच्याच हट्टाने. कोडही तिनेच समजावून सांगितला, पीपीटी मी बनवली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, एवढी मोठी फाईल या मशीनवर कशी चालली? तिने सांगितलं. वेचणीसकट सांगितलं. परीक्षक हसले आणि त्यांनी पुढचे दोन प्रश्न कापसावरच विचारले. मार्क्स काही जगावेगळे नाही मिळाले, पण सहाव्या सेमिस्टरच्या ग्रुपमध्ये ‘कोड कोण करणार’ हा प्रश्न आला तेव्हा तिने हात वर केला. मी पाहिलं.

मला मात्र ते ‘ओके’ अजून टोचतं. ती तीन दिवस त्याच चुकीशी भांडत होती, जी माझ्या लॅपटॉपवर आरामात बसली होती, आणि मी तिच्या पलंगापासून चार पावलांवर होते. एकदा तिचा कोड बघायला काय जात होतं माझं?

तेव्हा मित्रांनो, यापुढे होस्टेलमध्ये कोणी म्हणालं की ‘मशीन हँग होतं, मला काही हे जमत नाही’, तर ‘रॅम वाढव’ किंवा ‘ओके’ म्हणायच्या आधी त्याच्या शेजारी बसा. त्याचा कोड मागा. आणि भाऊंनी मला विचारलेला प्रश्न त्यालाही विचारा, एका वेळी किती पाहिजे? आणि मग सगळं एकदम कशाला आणलं?

— तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी, मुलींचं होस्टेल, बेसा